सांडव्यावरचा दादू

दादू कोळ्याला पाऊस आवडत नसे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पाण्यावर पोट असलेल्या माणसाचं पावसावर प्रेम असणारच, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. कुरुंदवाडपासून थोडं आत असलेल्या त्या गावात मी शिक्षक म्हणून बदलून आलो, तेव्हा शाळेच्या खिडकीतून गावचं तळं दिसायचं. पहिल्याच जुलैत, पाऊस नुसता कोसळत असताना, तळ्याच्या बांधावर एक माणूस डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन, आभाळाकडे तोंड करून उभा दिसला. मला वाटलं, काय हा भक्तिभाव. छत्री घेऊन जवळ गेलो, तर तो आभाळाला शिव्या देत होता. त्या मी इथे लिहीत नाही. पण त्यात आभाळाची आई, बहीण आणि हवामान खात्यातला एक साहेब, असे सगळे आले होते.

मला बघून तो थांबला. "नवं गुरुजी व्हय?" म्हणाला. मी हो म्हटल्यावर त्यानं पुढची शिवी माझ्यासाठी थोडी सौम्य केली आणि चालू ठेवलं.

नंतर त्यानंच मला समजावलं. नदीतला मासा देवाचा, तळ्यातला मासा दादूचा. बोटाएवढी पिल्लं, ज्यांना ते बोटुकली म्हणतात, ती आणून तळ्यात सोडायची, कोंडा आणि पेंड घालून दोन-दोन वर्षं वाढवायची. पाऊस बेताचा असेल तर तळं भरतं आणि मासा खुशीत वाढतो. पाऊस जास्त झाला की तळ्याचं पाणी सांडव्यावरून ओढ्यात पडायला लागतं, ओढ्यातून पंचगंगेत. आणि वाहत्या पाण्याचा आवाज कानावर गेला की माशाचं डोकं फिरतं. दोन वर्षं आयती पेंड खाल्लेला मासा एका सकाळीत घर सोडतो. म्हणून दादू दर पावसाळ्यात सांडव्याच्या तोंडावर बांबूच्या कामट्या आणि जाळं बांधून कुंपण घालायचा. त्याला तो नुसती 'जाळी' म्हणायचा. सबंध पावसाळा त्याचा मुक्काम त्या जाळीपाशी. वाहून आलेली जलपर्णी, जिला आमच्याकडे केंदाळ म्हणतात, जाळीत अडकायची, ती हातानं ओढून काढायची. काढली नाही तर पाणी तुंबायचं आणि तुंबलं तर जाळी तरी जायची नाहीतर बांध तरी.

तळ्यात फिरायला त्याच्याकडे होडी नव्हती, काहील होती. गुऱ्हाळात उसाचा रस ज्यात आटवतात ती लोखंडी, परातीसारखी पसरट कढई. गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा ती त्याला मिळाली होती. काहिलीला पुढं-मागं नसतं, त्यामुळे ती जायच्या दिशेपेक्षा स्वतःभोवतीच जास्त फिरायची. दादू मात्र तिच्यात असा बसायचा की जणू काहील सरळ चालली आहे आणि तळंच भोवती फिरतंय.

पाऊस मोजायची त्याची स्वतःची व्यवस्था होती. अंगणात एक पितळी कळशी उघड्यावर ठेवलेली असायची. सकाळी उठून तो तिच्यात हात घालायचा आणि जाहीर करायचा, आज मनगटापर्यंत, आज कोपरापर्यंत. लोकांच्या मोबाइलवर काय अंदाज आलाय याच्याशी त्याला काही घेणं नव्हतं. अडचण एवढीच होती की शेवंताकाकू, म्हणजे त्याची बायको, कधीकधी घाईत त्याच कळशीतलं पाणी भांड्यांना घ्यायची. मग दादू दिवसभर गावाला सांगत हिंडायचा की पाऊस ओसरला, आणि दुपारी सांडवा वाहायला लागायचा. अशा दिवशी घरात जे व्हायचं ते शाळेपर्यंत ऐकू यायचं. शेवंताकाकू दादूपेक्षा वरच्या पट्टीत बोलायची.

माशांना त्यानं नावं ठेवली होती. कटला पाण्याच्या वरच्या थरात, मोठं डोकं घेऊन, तोंड उघडं टाकून फिरतो, म्हणून तो सरपंच. रोहू मधल्या थरात, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तो सदस्य. मृगळ तळाशी चिखलात असतो, कधी दिसत नाही, कामाच्या वेळी तर मुळीच नाही, तो ग्रामसेवक. आणि चिलापी, जी कुणी सोडलेली नसताना येते, खाते आणि पोरं वाढवते, ती पावणं. "आज पावणंच लागलं जाळ्यात," असं तो म्हणाला की त्या दिवशी त्याच्या वाटेला जायचं नाही, हे मी लवकरच शिकलो. मला तो गुरुजीच म्हणायचा. माझ्या नावाचा मासा होता की नाही हे मी विचारलं नाही, पण शेवंताकाकू एकदा हसत म्हणाली होती की हाय, पण तो खायला चांगला नसतो.

गावाचा एक रिवाज होता. सांडव्याच्या वर जो मासा आहे तो दादूचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. सांडव्याच्या खाली पडला की तो ज्याच्या हाती लागेल त्याचा. हा रिवाज दादूच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेला आणि दादूनं तो मोडायचा कधी प्रयत्न केला नाही. फक्त मासा खाली पडू द्यायचा नाही, एवढंच त्यानं आयुष्यभर केलं.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय दादू पुरा होत नाही. पायगोंडाअण्णा पाटील हे तळ्याला लागून ज्यांचा ऊस होता ते शेतकरी. जैन घर, चार पिढ्या तिथलं. अण्णा सूर्य मावळायच्या आत जेवायचे, पाणी गाळून प्यायचे, आणि वाटेत मुंग्यांची रांग दिसली की वळसा घालून जायचे. अशा माणसाच्या बांधाला लागून दादू. दोघं दिवसातून दोनदा तरी भांडायचे. अण्णा म्हणायचे, दादू, तुझा धंदा पापाचा. दादू म्हणायचा, तुमचा ऊस माझ्या तळ्याचं पाणी पितोय, त्यातलं निम्मं पाप तुमच्याकडं चाललंय. पण काहील दादूला अण्णांनीच दिली होती. आणि पावसात दादू जाळीपाशी बसलेला असला की अण्णांच्या घरून चहा यायचा, तोही गाळलेला.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी पाऊस थांबायचं नावच घेईना. कळशीत हात घालायचं दादूनं बंद केलं, कारण कळशी वाहून गेली होती. तीन दिवस तो जाळीपाशी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि केंदाळ काढत होता. तळ्यात त्या वेळी दोन वर्षं वाढवलेला मासा होता. दिवाळीनंतर ओढायचा होता. आणि तळ्याचा त्याचा ठेका त्याच वर्षी संपत होता. नवा ठेका कुणाला द्यायचा हे ग्रामसभा ठरवणार होती, आणि शहरातला एक जण आधीच येऊन तळं बघून गेला होता. त्याला तळ्यात पॅडलच्या बोटी सोडायच्या होत्या आणि हौशी लोकांना गळ टाकायला बसवायचं होतं. त्यानं गॉगल लावला होता. दादूला त्याचा गॉगल जास्त खटकला होता. पॅडलच्या बोटी नंतर.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी बांधाच्या काठाला लागलं. बांध फुटला तर खालची वस्ती आणि अण्णांचा ऊस दोन्ही जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. उपाय एकच, जाळी काढायची. लोक जमले, पण दादूला सांगायचं कुणी, म्हणून सगळे एकमेकांकडे बघत उभे. कुणाला काही सांगावं लागलं नाही. दादूनं कमरेचा कोयता काढला आणि दोऱ्या तोडल्या. कामट्या, जाळं, केंदाळ सगळं एका दणक्यात खाली गेलं आणि पाण्याबरोबर मासे. पाण्यात नुसतं चांदीसारखं चमकत होतं.

दादू सांडव्याच्या कडेला उभा राहून त्यांना नावानं घालवत होता. "जावा. सरपंच, तुमी बी जावा. ग्रामसेवक, आज बरं वर आलासा. जावा समदी कुरुंदवाडला."

आणि मग मी जे बघितलं ते मला लपवता येत नाही, कारण त्यात मीही होतो. मदतीला म्हणून आलेल्या गावातल्या प्रत्येकानं काहीतरी आणलं होतं. कुणी टोपली, कुणी बायकोची जुनी साडी, कुणी मच्छरदाणी. माझ्याकडे शाळेची बादली होती. सांडव्याच्या खाली ओढ्यात सगळे उतरले आणि दादूच्या डोळ्यांसमोर दादूचा मासा धरू लागले. रिवाज होता, कुणी काही चुकीचं करत नव्हतं. तरी माझ्या बादलीत पहिला रोहू पडला तेव्हा मी वर बघितलं नाही.

वर बघायची गरज पडली नाही. दादू खालीच आला. मला वाटलं, आता शिव्या. पण दोघं मच्छरदाणी उलटी धरून उभे होते ते त्याला बघवलं नाही. "अरं, खालची कडा दाबा की," तो ओरडला. "असं धरलं तर साल्यांनो एक बी राह्यचा न्हाय." आणि त्यानं मच्छरदाणी नीट धरायला शिकवली. त्या संध्याकाळी दादूच्या घरी तीन घरांतून माशाचं कालवण आलं. तिन्ही त्यानं खाल्ली आणि एकात मीठ कमी आहे म्हणून सांगून पाठवलं.

त्यानंतर दोन दिवसांत नदीच गावात आली. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही फुगल्या, ओढा उलटा वाहायला लागला, तळं आणि नदी एक झाली. आता सांडवा कुठं आणि बांध कुठं, काही कळत नव्हतं. आम्हा सगळ्यांना जयसिंगपुरात एका शाळेत नेऊन ठेवलं. मी शाळेतून शाळेत गेलो, एवढंच. दादू तिथं भिंतीला टेकून बसला होता आणि कुणाशी बोलत नव्हता. एरवी दिवसभर तोंड चालू असणारा माणूस गप्प बसला की आसपासच्या लोकांना झोप लागत नाही. अण्णांनी शेजारी येऊन बसायचं काम केलं. अण्णांचा ऊसही पाण्याखाली होता. ते दोघं दिवसदिवस न भांडता बसायचे, आणि शेवंताकाकू मला म्हणाली, हे काय खरं न्हाय गुरुजी.

पाणी उतरलं तेव्हा गावभर चिखल आणि वास. तळं परत तळ्यासारखं दिसायला लागलं, पण गढूळ, लाल. दादूनं एकदा काहिलीतून चक्कर मारली, पाण्यात हात घातला, काठीनं तळ चाचपला आणि परत आला. तळ्यात काही नाही म्हणाला. असलंच तर पावणं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी त्याला बोलावलं. मीही गेलो, कारण शाळा अजून चिखलात होती. अण्णांच्या शेतात एका बाजूला मोठा खड्डा होता, पूर्वी कधीतरी विटांसाठी माती काढलेला. नदी परत गेली तेव्हा तो खड्डा भरलेला राहिला आणि त्यात मासे. रोज खड्डा आटत होता आणि मासे एकमेकांवर चढून वर तोंड काढून हवा खात होते. अण्णा काठावर उभे होते, चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेले.

दादू वाकून खड्ड्यात बघायला लागला. जकातनाक्यावर बसल्यासारखा तो एकेका माशाला तपासत होता. ही नदीची मरळ, ही वाम, हा शिंगाळा, ही सगळी परकी. आणि मग त्याला आपले दिसले. शेपूट फाटलेला एक कटला होता. जाळीला घासून त्याची शेपूट फाटली तेव्हा दादूनंच त्याला सोडवलं होतं. "सरपंच," दादू म्हणाला.

अण्णा म्हणाले, "माझ्या रानात ह्यांचा जीव जायला नको. तळ्यात नेऊन सोड."

"नेतो की."

"तसं नाही. मी इथनं वाचवायचं आन तू तिथं मारायचं, मग मी काय केलं? माझ्या बांधाला लागून जो तळ्याचा कोपरा हाय, तिथं सोडायचं. त्या कोपऱ्यात जाळं टाकायचं नाही. कधीच."

दादूनं डोकं खाजवलं. माशाला कोपरा कळतो का, हे त्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, माशाला नाही कळत, तुला कळतो. त्यानं शब्द दिला.

मग दोन दिवस ते काम चाललं. अण्णांच्या घरचे दुधाचे कॅन आणले. अण्णांच्या सूनबाई दारातच म्हणाल्या की हे कॅन परत घरात येणार नाहीत. अण्णांनी ऐकलं नाही. दादू खड्ड्यात उतरून मासे धरायचा, अण्णा कॅनमध्ये पाणी भरून घेऊन जायचे. आयुष्यात माशाला हात न लावलेले अण्णा, पहिल्या फेरीला उपरण्यानं कॅनचं तोंड झाकून तोंड वळवून चालत होते. पाचव्या फेरीला ते दादूला सांगत होते की एका कॅनमध्ये एवढे कोंबू नकोस, गुदमरतील. शेपूट फाटलेला कटला त्यांनी स्वतः नेला. परत आल्यावर मला म्हणाले, "त्याचं तोंड बघितलं का, गुरुजी? काहीतरी मागत असल्यासारखं उघडं असतंय."

दिवाळी झाली आणि ग्रामसभा बसली. गॉगलवाला आला होता. सरपंच म्हणाले, पुरात सगळं वाहून गेलं हे सगळ्या गावानं बघितलंय, तळ्यात मासाच नसेल तर ते दादूकडे ठेवून काय करायचं. यावर ठरलं असं की गावासमोर जाळं ओढायचं. मासा असेल तर ठेका दादूचा, नसेल तर पॅडलच्या बोटी. दादूचा मुलगा कबनूरला यंत्रमागावर कामाला होता. तो आला होता. बापाला त्यानं तिथंच सांगितलं की गेलं तर जाऊ दे, माझ्याकडे चल. दादूनं त्याच्याकडे असं बघितलं की तो चूळ भरायला निघून गेला.

बांधावर सगळा गाव. सरपंचांना प्लॅस्टिकची खुर्ची. पहिल्या ओढीला निघाल्या चिलापी. दुसऱ्या ओढीला चिलापी आणि एक फाटकी चप्पल. लोक सल्ले द्यायला लागले, म्हणजे काम संपत आलं हे मला कळलं. मासे कुठं आहेत हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. दोन ओढीत पाणी ढवळलं गेलं होतं आणि शहाणा मासा जिथं जाळं येत नाही तिथंच जमणार. अण्णांच्या कोपऱ्यात.

सरपंच म्हणाले, "दादू, त्या कोपऱ्यातनं ओढ की."

"तिथं ओढत न्हाय मी."

"मासं तिथंच असणार."

"असणारच. शाणं हाईत ती."

सरपंच अण्णांकडे वळले. अण्णा छत्री मिटून हातात धरून उभे होते. सरपंचांनी सांगितलं, अण्णा, एकदाच, बघण्यापुरतं ओढू दे, लगेच सोडून देऊ. अण्णांचा चेहरा मला आजही दिसतो. हो म्हटलं तर जाळ्यात गेलेले सगळे जिवंत परत जाणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. नाही म्हटलं तर दादूचं तळं जाणार. ते काही बोलायच्या आतच दादू बोलला.

"त्यास्नी इचारू नगा. शबूद मी दिलाय. मोडायचा असला तर मी मोडंन, न्हाईतर न्हाई. अण्णांच्या गळ्यात घालू नगा."

आणि तो जाळं गुंडाळायला लागला. त्या वेळी मला त्याचा राग आला होता. काय हा मूर्खपणा, असं वाटलं. एका कोपऱ्यासाठी माणूस जन्मभराचं पाणी सोडतोय आणि ज्याच्यासाठी सोडतोय तो अण्णा छत्री बगलेत मारून चक्क घराकडे निघालाय. हो, अण्णा निघाले. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. गॉगलवाल्यानं गॉगल पुसला. सरपंचांनी कागद पुढं ओढला.

सूर्य कलायला लागला होता. पाटलांच्या घरात जेवायची वेळ. अण्णा परत येताना दिसले तेव्हा त्यांच्या डोक्यावर दुरडी होती आणि मागून त्यांच्या घरातलं कुणीतरी ओरडत येत होतं. दुरडीत सगळ्या घराच्या जेवणाच्या भाकऱ्या होत्या. अण्णा आपल्या कोपऱ्याच्या काठावर उकिडवे बसले, बरोबर आणलेलं दुधाच्या कॅनचं झाकण दगडावर तीनदा वाजवलं, आणि भाकरी कुस्करून पाण्यात टाकली.

पाणी उकळायला लागल्यासारखं झालं. आधी रोहू, मग मोठाले कटले, तोंडं उघडी टाकून, एकमेकांना ढकलत. लोक खुर्च्या, चपला टाकून कोपऱ्याकडे धावले. अण्णा महिनाभर रोज संध्याकाळी तिथं भाकरी घालत होते आणि हे घरच्यांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. दादूलाही नाही. तो हातात ओलं जाळं घेऊन उभा होता आणि शेपूट फाटलेला कटला वर आला तेव्हा त्यानं बोट दाखवलं.

"तो बगा सरपंच," तो म्हणाला.

"काय?" सरपंच म्हणाले.

"तुमास्नी न्हाय."

ठेका दादूचा राहिला. गॉगलवाला अंधार पडायच्या आत गेला. अण्णांचं घर त्या संध्याकाळी भाकरीविना पोह्यांवर जेवलं आणि त्याबद्दल अण्णांना पुढं आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं.

इथं गोष्ट गोड होते असं वाटेल, पण दादू तो दादूच. त्याचा शब्द कोपऱ्याचा होता, माशाचा नव्हता. मासा आपण होऊन कोपऱ्याबाहेर आला तर तो तळ्यातला मासा. म्हणून त्यानं तळ्याच्या पलीकडच्या बाजूला रोज सकाळी शेंगदाण्याची पेंड घालायला सुरुवात केली, चांगली, वासाची. मासे तिकडे जायला लागले. हे अण्णांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी भाकरीला गूळ लावायला सुरुवात केली. मासे परत. दादूनं पेंड वाढवली. अण्णांनी गूळ वाढवला. दोघंही एकमेकांना काही बोलत नसत, फक्त दुसरा काय करतोय ते बघत आणि आपलं माप वाढवत. पुढची तीन वर्षं आमच्या तळ्यातल्या माशांसारखे सुखी मासे जिल्ह्यात कुठं नसतील. काही अण्णांचे राहिले, काही दादूचे झाले. दोघंही जिंकल्यासारखे हिंडायचे.

मग शेवंताकाकू गेली आणि पाठोपाठ दादूच्या गुडघ्यांनी साथ सोडली. केंदाळ काढायला पाण्यात उतरणं होईना. मुलानं त्याला कबनूरला नेलं. तळं पुतण्याकडे आलं. पुतण्या चांगला आहे, जाळी वेळेवर लावतो. पेंड मात्र घालत नाही.

मीही निवृत्त होऊन जयसिंगपूरला आलो होतो. मागच्या पावसाळ्यात एका कामासाठी इचलकरंजीला गेलो, तेव्हा वाकडी वाट करून कबनूरला दादूकडे गेलो. गल्लीत घराघरातून मागांचा खटखटाट चालला होता, बोललेलं ऐकू येत नव्हतं. पाऊस जोरात होता. दादू घरात नव्हता. दारासमोरच्या गटाराच्या तोंडाशी तो घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, हातात काठी. गटाराच्या तोंडावर त्यानं मागाच्या मोडक्या पट्ट्या आणि टाकाऊ सूत बांधून जाळी केली होती, आणि तीत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तो काठीनं काढत होता.

मी ओरडून विचारलं, "दादूमामा, हितं काय अडवायलाय?"

"काय न्हाय," तो म्हणाला. "पानी जायाला पायजे, आन जाळीबी पायजे. त्याबिगर करमत न्हाय."

सांडव्यावर पाणी किती आहे, हे त्यानं पहिलं विचारलं. मला नेमकं माहीत नव्हतं आणि त्याचा त्याला राग आला. मग अण्णा कसे आहेत विचारलं. मी सांगितलं की अण्णा ऐंशीला आले, तरी रोज संध्याकाळी कोपऱ्यावर जातात, झाकण वाजवतात, गूळ लावलेली भाकरी घालतात. एक पिशवी जाळीत येऊन बसली, ती दादूनं काढली नाही.

"अण्णांना सांगा," तो म्हणाला, "आता गूळ बंद करा म्हणावं. नुसती भाकर चालंल. माझ्या बाजूनं पेंड घालणारं कोण न्हाय आता."

मी सांगतो म्हणालो. त्यानं मान हलवली, वाकला आणि ती पिशवी काढून बाजूला टाकली. मी निघालो. गल्लीच्या टोकाला वळताना मागं बघितलं. पावसानं आणखी जोर धरला होता आणि दादू गटारात उभा राहून, खोळ मागं सारून, आभाळाकडे तोंड करून होता. मागांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण त्याचे ओठ हलताना मला दिसत होते.